मारव्याची तबकडी

संगीताविषयी बोलताना ‘आवडले’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, त्या एका शब्दाच्या पोटात दोन अगदी भिन्न गोष्टी दडलेल्या आहेत, याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. एक आवड क्षणात जडते. दुसरी जडावयाला वर्षे लागतात. पहिलीच्या कथा आपल्या हुबळी-धारवाडकडे घरोघर सांगितल्या जातात. गदगच्या एका शाळकरी मुलाच्या कानावर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवरून पडली, तिने त्याला झपाटले, आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात तो घरातून निघून गेला. तो मुलगा म्हणजे पुढचे पंडित भीमसेन जोशी. तीन मिनिटांची एक तबकडी आणि त्यातून एका आयुष्याला मिळालेले वळण! अशी कथा कोणाला आवडणार नाही?

दुसऱ्या आवडीची कथा मात्र कोणी सांगत नाही. कारण उघड आहे. तिच्यात सांगण्यासारखे काही घडतच नाही. मनुष्य एक तबकडी ऐकतो, त्याला ती रुक्ष वाटते, तो ती ठेवून देतो, काही महिन्यांनी पुन्हा लावतो, पुन्हा ठेवून देतो. आणि कधीतरी त्याच्या ध्यानात येते की, घरातील सगळ्या तबकड्यांत हीच एक आपण अजून ऐकत आहोत. आजचे हे भाषण अशा दुसऱ्या प्रकारच्या आवडीविषयी आहे, आणि त्यासाठी मी उदाहरण घेणार आहे ते उस्ताद अमीर खाँ यांच्या १९६० साली निघालेल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेचे. तिच्या एका बाजूला मारवा आहे व दुसऱ्या बाजूला दरबारी.

प्रथम या तबकडीच्या जातीविषयी दोन शब्द. जुनी तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई, आणि तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. एवढ्या अवकाशात राग उभा करावयाचा, बंदिश मांडावयाची, दोन ताना घ्यावयाच्या आणि सुई कडेला पोहोचण्यापूर्वी समेवर येऊन थांबावयाचे, ही मोठी कठीण कसरत होती. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ती अशी साधली की, त्या गाण्यांत घाई झाल्याचा भास कोठेही होत नाही. परंतु या तबकडीचा एक परिणाम असा झाला की, ध्वनिमुद्रित गाणे म्हणजे लावल्याबरोबर पकड घेणारे गाणे, अशी दोन पिढ्यांच्या कानांना सवय लागली. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांच्या आसपास फिरणारी दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. आपल्याकडे ती घरोघर पोहोचली तेव्हा बहुतेक गवयांनी त्या अवकाशात आपले नेहमीचे गाणे थोडे ऐसपैस मांडले. अमीर खाँसाहेबांनी मात्र त्यात मारव्याचा बडा ख्याल, तोही अतिविलंबित झुमऱ्यात, गाऊन ठेवला. आमच्या घरी ही तबकडी प्रथम लागली तेव्हा सातआठ मिनिटे मुकाट्याने ऐकून घेतल्यावर आईने स्वयंपाकघरातून विचारले होते, “गाणे सुरू कधी व्हायचे?”

आईचा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. ही तबकडी अवघड का वाटते, याचे अर्धे उत्तर त्या प्रश्नातच आहे.

मारवा हा सूर्यास्ताच्या वेळचा, संधिप्रकाशाचा राग. त्यात पंचम नाही. ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, बाकीचे शुद्ध. हेच सहा स्वर पूरियात आहेत आणि सोहनीतही आहेत. मग मारवा निराळा कशाने होतो? तो होतो वजनाने. पूरिया गंधार-निषादांवर विसावतो आणि खालच्या सप्तकात रमतो. सोहनी वरच्या सप्तकाकडे झेपावते. मारवा मात्र आपला सगळा भार कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत या दोन स्वरांवर टाकतो. या दोघांचा आपसांत संवाद नाही. षड्ज-पंचमांचे जसे जमते, षड्ज-मध्यमांचे जसे जमते, तसे यांचे जमत नाही. दोन न जमणाऱ्या माणसांना शेजारी शेजारी घरे द्यावीत, तसा हा प्रकार.

याहून विलक्षण आहे ते षड्जाचे. इतर रागांत षड्ज म्हणजे गवयाचे घर. तो बाहेर पडतो, हिंडतो, आणि दर थोड्या वेळाने घरी येऊन टेकतो. ऐकणाराही त्याच्याबरोबर टेकतो. मारव्यात गवई निषादावरून निघतो आणि षड्जाला वगळून एकदम कोमल ऋषभावर जाऊन उभा राहतो. तंबोरा मागे अखंड षड्ज सांगत असतो. पंचमच नसल्यामुळे त्याची पहिली तारही पंचमात न लावता निषादात किंवा धैवतात लावावी लागते. त्या अखंड षड्जाला अगदी चिकटून, पण त्याच्यावर न उतरता, गवयाचा ऋषभ तरंगत राहतो. घर समोर दिसते आहे, दार उघडे आहे, आणि पाहुणा उंबऱ्यावर उभा राहून बोलतोच आहे! ज्याला हे ठाऊक नाही, त्याला नुसती अस्वस्थता जाणवते. ती कशाची हे कळत नाही, आणि कळत नाही म्हणून तो गाण्यालाच नावे ठेवतो.

यात लयीची भर. झुमरा हा चौदा मात्रांचा ताल; त्याचे खंड तीन, चार, तीन, चार असे. अमीर खाँसाहेब तो इतका सावकाश घेतात की, एका आवर्तनाला जवळजवळ मिनिट लागावे. मिनिटभराच्या अंतराने येणारी सम नव्या श्रोत्याला समच वाटत नाही. चालता चालता गवई सहज थांबला, एवढेच त्याला वाटते. तबलजीचा ठेकाही साधा, भरावाशिवायचा. खाँसाहेबांना तसाच हवा असे. तबल्याशी चढाओढ नाही, टाळी मिळवणारी तिहाई नाही, शब्दांचे लाडिक उच्चार नाहीत. ज्या ज्या खुणांच्या आधाराने आपण मैफलीत ‘वा’ म्हणतो, त्या सर्व येथे काढून घेतलेल्या आहेत.

आता आमच्या गावाविषयी सांगितले पाहिजे. कारण हुबळीच्या कानाला हे गाणे जवळचेही होते आणि दूरचेही होते. हुबळीपासून वीसेक किलोमीटरवर कुंदगोळ आहे. सवाई गंधर्वांचे ते गाव. ते अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, आणि त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल तर हुबळीच्याच. देशपांडेनगरातील त्यांचे घर सर्वांना माहीत होते. किराणा घराण्याची संथ, स्वरास्वराने पुढे जाणारी बढत येथील माणसाला परकी नव्हती. शिवाय गंगूबाईंनी या गावाला एक धडा आधीच दिला होता. १९३० नंतरच्या वर्षांत निघालेल्या त्यांच्या पहिल्या तबकड्यांत आवाज बारीक, कोवळा आहे. पुढे घशावरील उपचारांनंतर तो आवाज खाली उतरला, भारदस्त झाला, इतका की आकाशवाणीवर अनोळखी माणसाने तो पुरुषाचा समजावा. त्या आवाजाची गोडी लागावयाला श्रोत्यांना वेळ लागला. पण ती लागल्यावर बारीक आवाज त्यांना पाणचट वाटू लागले.

अमीर खाँसाहेबांच्या गाण्याचे एक मूळही याच किराण्याच्या परिसरात आहे. त्यांचे वडील शहामीर खाँ हे इंदूरला होळकर दरबारी सारंगिये होते. विलंबिताची त्यांची संथ चाल मात्र आली ती किराण्याच्याच अब्दुल वहीद खाँ यांच्या गाण्यावरून. आणि हे वहीद खाँ म्हणजे हिराबाई बडोदेकरांचे गुरू. ताना देवासच्या रजब अली खाँ यांच्याकडे पाहत आल्या, आणि स्वरांची उलटापालट करून नवनवे आकृतिबंध काढण्याचे मेरुखंडाचे तंत्र भेंडीबाजार घराण्याचे. चार स्वरांचे चोवीस क्रम होतात, सात स्वरांचे ५०४०; मारव्याच्या सहा स्वरांचे ७२०. हे गणित आहे, गाणे नव्हे, हे खरे. परंतु लहानपणी ज्याने या गणिताचा रियाज केला आहे, त्याच्या आलापीत ठरावीक वळणे येत नाहीत. पुढचा स्वर कोणता येईल याचा आपला अंदाज तेथे वारंवार चुकतो. नव्या श्रोत्याला हाही एक अडथळाच. जुन्या श्रोत्याला हेच आकर्षण.

म्हणजे झाले असे की, आमच्याकडच्या माणसाला या तबकडीतील बोली ओळखीची वाटे, पण वाक्ये कळत नसत. ‘बैजू बावरा’ या १९५२ सालच्या चित्रपटात द. वि. पलुसकरांबरोबर गाणारे अमीर खाँ सर्वांना माहीत होते. तेच हे, यावर विश्वास बसणे कठीण जाई.

आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात होते. ही तबकडी त्यांनी आणली आणि शनिवारी संध्याकाळी ती लावण्याचा त्यांचा परिपाठ होता. ते स्वतः गाणे जाणणारे होते, पण बोलणारे नव्हते. “काय ऐकता यात?” असे कोणी विचारले तर “बघू” एवढेच म्हणत. मला दरबारीची बाजू पुष्कळ आधी आवडू लागली. तिच्यातला डोलणारा कोमल गंधार कोणालाही हात धरून आत नेतो. मारव्याची बाजू लागली की मी पुस्तक उघडीत असे.

१९८९ साली अण्णांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तोवर आम्ही गोकुळ रोडच्या बाजूला राहावयास आलो होतो. औद्योगिक वसाहत जवळ, दिवसभर मालमोटारींची वर्दळ. संध्याकाळी पाळी सुटली की सायकलींची रांग लागे, आणि मग अर्धा-पाऊण तास रस्ता थोडा शांत होई. त्या वेळी अण्णा डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवीत. तबकडी लावावयाची म्हणजे कोणीतरी शेजारी बसावयास हवे. वीस-बावीस मिनिटांनी सुई उचलावी लागते. ते काम माझ्याकडे आले. जवळजवळ सात महिने, क्वचितच एखादा दिवस सोडून, मी मारव्याची ती बाजू त्यांच्या खाटेशी बसून ऐकली.

पहिल्या महिन्यात मला फक्त त्यांचा डावा हात दिसत होता. चादरीवर तर्जनी अधूनमधून उचलली जाई आणि पुन्हा टेकली जाई. त्या हालचालीला काही नेम आहे असे मला बऱ्याच दिवसांनी जाणवले. मग मी बोटाबरोबर तबला ऐकू लागलो. झुमऱ्याच्या ठेक्यात आठव्या मात्रेला ‘तिं’ येतो. तेथे डग्ग्याची घुमारी थांबते आणि क्षणभर खालची जमीन काढून घेतल्यासारखे वाटते. ती खाली. अण्णांचे बोट नेमके तेथे उचलले जात होते. एकदा खाली सापडली की अर्धे आवर्तन हाती आले. मग डग्गा पुन्हा बोलू लागला की सम जवळ येत आहे हे कळते, आणि मुखड्याच्या शब्दांनी गवई तिच्याकडे वळतो तेव्हा आपणही त्याच्याबरोबर वळतो. ज्या गाण्यात काही घडत नव्हते, त्यात आता दर मिनिटाला एक गोष्ट घडू लागली.

तालाचा दोर हाती आल्यावर स्वरांकडे लक्ष देण्याइतके मन मोकळे झाले. षड्ज टाळला जात आहे, हे मला पुस्तकावरून ठाऊक होते. ऐकू आले ते या वेळी. गवई धैवतावर थांबतो, निषादावर येतो, आता षड्ज येणार म्हणून आपण पुढे सरकतो, आणि तो ऋषभावर निघून जातो. असे दोनदा, चारदा, सहादा. मग एकदा, जराही गाजावाजा न करता, तो षड्जावर येऊन टेकतो. त्या दिवशी अण्णांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना बोलता येत असते तरी ते काही बोलले असते असे मला वाटत नाही. पण इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी एकच गोष्ट एकाच क्षणी ऐकल्याचा तो पहिला प्रसंग होता. त्यानंतर काही आठवड्यांनी ते गेले.

हे खाजगी झाले. परंतु त्यात जे घडले त्याला सर्वसाधारण कारण आहे. लेनर्ड मायर या अमेरिकन संगीतशास्त्रज्ञाने १९५६ साली असे मांडले की, संगीतातील भावना ही अपेक्षेतून उत्पन्न होते. अपेक्षा जागी व्हावी, ती लांबणीवर पडावी, आणि मग पुरी व्हावी किंवा मोडावी. यावरून उघड होते की, ज्याच्या मनात अपेक्षाच उत्पन्न झालेली नाही, त्याला लांबणीवर टाकलेला षड्ज हा नुसता नसलेला षड्ज असतो. पहिल्या ऐकण्यात आपल्याजवळ अपेक्षा नसतात. त्या ऐकण्यानेच येतात, आणि अवघड तबकडी ऐकणाऱ्याला त्या स्वतःच शिकवते. मात्र शिकवणीची वेळ तिच्या सोयीची असते, आपल्या सोयीची नव्हे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांनी दाखवून दिले की, नुसत्या वारंवार परिचयानेही वस्तू आवडू लागते. ते खरेच आहे. परंतु तेवढ्याने येथे भागत नाही. परिचयानेच सारे होत असते तर दारावरून दररोज ओरडत जाणारी जाहिरातही आपल्याला मारव्याइतकी प्रिय झाली असती. सोप्या गाण्याला परिचय लवकर पुरतो आणि नंतर ते झिजू लागते. ज्यात अजून न कळलेले काही शिल्लक असते, तेच परिचयाने वाढते.

आपल्याकडे अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी सहृदय कोण याची व्याख्या करताना हीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगितली आहे. काव्याच्या पुनःपुन्हा अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे, तो सहृदय. आरसा जन्मतः लख्ख असतो, असे तो म्हणत नाही. घासण्याची क्रिया त्याने व्याख्येतच घातली आहे.

येथे कोणी विचारील की, मग जे जे रुक्ष वाटते ते सगळे शंभर वेळा ऐकावे काय? मुळीच नाही. पुष्कळ तबकड्या रुक्ष वाटतात, कारण त्या रुक्षच असतात. ओळखण्याची माझी खूण साधी आहे. तबकडी आवडली नाही, पण दुसऱ्या दिवशी काम करता करता तिच्यातील एखादी जागा अकारण आठवली, तर ती पुन्हा लावावी. मारव्याच्या बाबतीत पुस्तकात डोके घालून बसलो असतानाही तो तरंगता ऋषभ माझ्या कानात राहत असे. जी तबकडी सुई उचलताक्षणी विसरली जाते, तिच्यासाठी आयुष्य खर्चण्याचे कारण नाही.

मला चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अण्णांच्या कपाटात मोजक्या तबकड्या होत्या. पगारातून पैसे बाजूला काढून आणलेली वस्तू आवडली नाही तरी टाकून देता येत नसे. ती घरात राही, आणि घरात राहिलेली वस्तू केव्हा ना केव्हा पुन्हा लागे. आज हाच मारवा खिशातील फोनवर फुकट मिळतो, आणि त्याच्याबरोबर जगातील बाकीचे सारे संगीतही मिळते. पहिल्या मिनिटात पकड न घेणाऱ्या गाण्याला बोटाच्या एका टिचकीने बाजूला सारता येते, आणि या तबकडीच्या पहिल्या मिनिटात तर धड एक आवर्तनही पुरे होत नाही. पूर्वी दारिद्र्याने जी दुसरी संधी आपोआप मिळे, ती आता समजून-उमजून द्यावी लागेल. सुबत्तेविरुद्ध माझी तक्रार नाही; ज्या गवयांची नावेही आमच्यापर्यंत पोहोचत नसत, ते आज कोणालाही ऐकता येतात. परंतु अमीर खाँसाहेब १९७४ साली कलकत्त्यास मोटार अपघातात गेले. त्यांना कोणी मैफलीत पुन्हा ऐकणार नाही. त्यांचा मारवा आता उरला आहे तो अशा ध्वनिमुद्रणांतच, आणि ती पुरी ऐकणारे कान असतील तोवरच.

ज्यांना प्रयत्न करून पाहावयाचा असेल त्यांनी शक्यतो दिवे लागण्याच्या सुमारास बसावे. सकाळी दहा वाजता मारवा ऐकणे म्हणजे भर उन्हात कंदील लावणे. दरबारीच्या बाजूने सुरुवात केली तरी हरकत नाही. पहिल्या दोन वेळा फक्त ठेका ऐकावा आणि ‘तिं’ कोठे येतो ते पाहावे. गवयाकडे नंतर वळावे. तो थांबलेला असतो. संपूर्ण तबकडी उलगडल्याचा दावा मी आजही करणार नाही. द्रुतातील ताना, ज्यांत रजब अली खाँ यांच्या गाण्याची आठवण जाणकारांना येते, माझ्या हातून अजून अर्ध्यावर निसटतात.

आमच्या शेजारी अभियांत्रिकी शिकणारा एक मुलगा राहतो. गेल्या पावसाळ्यात वीज जाऊन आली तेव्हा मारवा चालू होता, तो दारात उभा राहिला, थोडे ऐकून गेला, आणि दोन दिवसांनी येऊन म्हणाला, “काका, ते गाणे सगळे ऐकले. पण त्यात काहीतरी यायचे राहून गेल्यासारखे वाटते.” मी त्याला आत बोलावून पहिल्यापासून तबकडी लावली. षड्ज आला तेव्हा त्याने मान वर केली की नाही, हे मला अंधारात नीट दिसले नाही. बाजू संपल्यावर तो उठेना, म्हणून तबकडी उलटून दरबारी लावली. दरबारीच्या वेळेला खरे म्हणजे अजून चार तास अवकाश होता.